वादळवीराची झूल

१ जुलै, मंगळवार. सकाळी ११
मुंबईहून फोन. रागिणी मॅडम, फिल्म स्टुडिओचं मार्केटिंग बघतात. 'वादळवीर' नावाचा सिनेमा येतोय, तीन भाषांत. हीरो उडतो, पाठीवर निळी केप. तशाच केप थिएटरात विकायच्या आहेत, त्यासाठी विदर्भातला शिवणारा पाहिजे. आमचं नाव ऑनलाइन यादीत सापडलं. आकांक्षानं (कन्या, अमरावतीला इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष) तिथं इंग्रजीत लिहून ठेवलंय: केप, बेल्ट, बेल्स आणि हेड-गिअर बनवणारे, अकोला, स्थापना १९९८. बैलांच्या झुली, गोंडे, घुंगरमाळा आणि बाशिंगं इंग्रजीत गेली की इतकी भारी दिसतात हे माहीत नव्हतं.
रिलीज २२ ऑगस्ट. कॅलेंडर पाहिलं. पोळा!
मुंबईच्या लोकांना आजवर उगाच नावं ठेवली. काय अभ्यास! बैल म्हणजे चालतं-फिरतं होर्डिंग, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या आलं, आणि पाच मिनिटांनी माझ्या.
संकल्प: आजपासून रोज डायरी. निदान पाच ओळी.

२ जुलै
वर्षाली म्हणे, केप कोनाले घालाच्या हे इचारलं का? म्हटलं, पोळ्याले रिलीज हाये, कोनाले घालतीन? म्हणे, तरी बी एकडाव इचारून घ्या.
बायकोला धंद्यातली एक गोष्ट कळत नाही. प्रश्न विचारला की समोरचा समजतो, हा नवखा आहे. मी सत्तावीस वर्षांत पार्टीला एकही प्रश्न विचारलेला नाही.

५ जुलै, शनिवार
(मधले दोन दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही.)
स्टुडिओचा फॉर्म आला. वयोगट: तीन ते बारा वर्षं. वाचून हात जोडले. तिसऱ्या वर्षी जू, बाराव्यानंतर बैल थकला. कृषी विद्यापीठातला माणूसही इतकं नेमकं सांगणार नाही.
पुढे: लाळ लागली तरी रंग सुटू नये. मानेशी ओढलं की लगेच निघालं पाहिजे, नाहीतर पळताना कुठं अडकून फास बसेल. फोन करून म्हटलं, मॅडम, आमच्याकडे पण दर साली एखादा उधळतोच. ती हसली. म्हणाली, एक कसला, आमच्या इव्हेंटला दहा-बारा उधळतात, आई-बाप मागे पळत असतात.
बैलाच्या मालकाला आई-बाप म्हणणारी मुंबईची बाई प्रथमच पाहिली. म्हणजे ऐकली.
साइजचे रकाने तीन. एस म्हणजे गोऱ्हा, एम म्हणजे गावरान, एल म्हणजे खिल्लार. इंच भरले: ५०, ६०, ७२. अर्ध्या तासात अप्रूव्हल. एकच दुरुस्ती: लोगो दोन मिलिमीटर डावीकडे.

८ जुलै
स्टाईल गाईड आलं. चौसष्ट पानं. हीरोचा चेहरा कापायचा नाही, दुमडायचा नाही, चेहऱ्यावर सुरकुती पडता कामा नये. इथं माझी हुशारी कामाला आली. चेहरा झुलीच्या मधोमध छापला तर नाक कण्यावर येतं आणि दोन डोळे दोन बरगड्यांवर. म्हणून चेहरा मागे सरकवला, शेपटीच्या वर, पुठ्ठ्यावर. तिथं सपाट जागा. मागून येणाऱ्यालाही दर्शन होईल. गोपाल मास्तर (आमचे टेलर, चौदा वर्षं आमच्याकडे) म्हणे, भाऊ, शेपटी हालली की हीरोले मिशी येईन. म्हटलं, येऊ द्या. मिशीबद्दल चौसष्ट पानांत काही नाही.
पार्टनरांची यादी पण आली. बिस्किट पार्टनर, टूथपेस्ट पार्टनर, सिलिंग फॅन पार्टनर, केप पार्टनर (आपण!), हिंग पार्टनर. हिंगाच्या वर आहोत.

१२ जुलै, शनिवार
महादेवराव आले. बाळापूरच्या पलीकडचं गाव. मी फुटपाथवर घुंगरं विकत होतो तेव्हा पहिली झूल माझ्याकडून शिवून घेणारा माणूस. त्यांच्या डौल्या बैलानं पोळ्याच्या तोरणाखालून पहिलं जायचं, हा गावचा मान. यंदाचा शेवटचा. डौल्या थकला, आणि पुढच्या सालापासून मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जातो.
म्हणे, किशोऱ्या लेका, अवंदा अशी झूल कर का गाव वीस साल नाव काढीन. लाल मखमल, काचा, जरीनं डौल्याचं नाव. आन् पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीले, झूल मले घरात पाह्यजे. गोदाबाईनं (त्यांची बायको) रोज इचारून इचारून माहं डोस्कं खाल्लं.
म्हटलं, काळजीच सोडा.
काचकाम फक्त वर्षालीला येतं. बारा दिवसांचं काम. सोमवारपासून सुरू.

१४ जुलै, सोमवार
होलोग्रामचं बंडल आलं. प्रत्येक केपवर एक, हातानं शिवायचा. बारीक काम, वर्षालीशिवाय कोणाला जमणार? झूल पुढच्या सोमवारपासून.

२२ जुलै
सॅम्पल मुंबईला पोचलं. एस साइज. मॅडमचा फोन: ऑफिसात सगळ्यांनी अंगावर घेऊन फोटो काढले, ओव्हरसाइज फिट सध्या फार चालतंय. म्हटलं, आमच्याकडे पहिल्यापासून. वर्षाली मागून ओरडली, ऑफिसातल्या मानसाईनं घातली? मंग इचारा ना! मी फोनवर हात ठेवला.
मोठ्या कंपन्यांत माल आधी अंगावर घालून बघतात. याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात.

३ ऑगस्ट, रविवार
महादेवरावांचा फोन. झूल कुठवर आली? म्हटलं, अर्धी झाली. खोटं नाही. मनात पूर्ण आहे, हातात काहीच नाही. सरासरी अर्धी.
मखमल आणायची आहे.

११ ऑगस्ट, सोमवार
अमरावतीच्या थिएटरचे मॅनेजर ललितभाऊ यांच्याशी सविस्तर बोलणं. बावीसला सकाळी केप परेड, तीनशे जण. म्हटलं, पाण्याची सोय? म्हणे, जागोजागी. खाण्याची? म्हणे, भाऊ, खाऊन खाऊन घान करतेत, आमी दोन मानसं एक्स्ट्रा ठेवली झाडाले. (अनुभवी माणूस.) तोरण कशाचं? म्हणे, फुग्यांचं. सांगितलं, उंच बांधा, फोडतील. म्हणे, हौ, उड्या मारतेत ना लेकाचे!
एकच गोष्ट मनात घोळून राहिली आहे. परेड दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सगळ्यांना सरकत्या जिन्यानं वर नेणार आहेत. तीनशे. पण त्यांचं इमारतीचं नियोजन त्यांना ठाऊक. आपण शिवणारे.
वर्षालीला सांगितलं. तिनं मशीन थांबवली. म्हणे, जिन्यावरून बैल? म्हटलं, सरकता आहे, त्याला चालायचं कुठं आहे? म्हणे, तुमाले हात जोडते, एक फोन लावा. म्हटलं, अकरा दिवस राहिले आणि आता विचारू? म्हणे, मंग महादेवबाबाची झूल तरी करू द्या मले.
म्हटलं, उद्यापासून.

१७ ऑगस्ट, रविवार
गोपाल मास्तर सकाळीच गेले. त्यांचं मंडळ कावडीचं पाणी आणायला पूर्णा नदीवर. उद्या शेवटचा श्रावण सोमवार, गावात पाय ठेवायला जागा नसणार, दुकान बंद. हे मला माहीत होतं. दर साली असतं. फक्त यंदा मी ते धरलं नव्हतं.
अठ्ठावन्न केप शिल्लक. मी स्वतः मशीनवर बसलो. तीन झाल्या. एकीत माझी बाही शिवली गेली.

१९ ऑगस्ट, मंगळवार
तीनशे पूर्ण! मास्तर काल दुपारी परतले, त्यांनी आणि वर्षालीनं रात्रभर मशीन चालवली. गाडीत भरून अमरावतीला रवाना. हार घातला. गाडीला, मला नाही.
दुपारी मखमल आणली. वर्षाली म्हणे, बारा दिवसाचं काम मी दोन दिवसात कसं करू? काचा काय थुकीनं चिकटवू? म्हटलं, कडेनं काचा, मधे नुसतं नाव. ती बसली. डोळे लाल. होलोग्रामनं झाले म्हणते.

२१ ऑगस्ट, गुरुवार. खांदमळणी
महादेवराव दीड वाजता एसटीनं आले. नवी टोपी. वर्षाली आत मशीनवर. 'डौ' झाला होता, 'ल्या'चा काना बाकी. काचा एका कडेला, दोन वीत.
मी चहा दिला. अडीचला पाणी दिलं. तीनला परत चहा. माझे कान तिखट. बाकावर बसून ते स्वतःशीच बोलत होते: लोनी वितळून ठेवलं असन तिनं. दिवस बुडाच्या आत खांदे मळले पाह्यजे. बैलाले जेवाचं आवतन द्यायचं हाये.
चार वाजता मी तोडगा काढला. एक जादा वादळवीर होता, एल साइज, कोरा. उलगडून दाखवला. त्यांनी चेहऱ्यावर बोट ठेवलं. म्हणे, हे कोन होय? म्हटलं, हीरो, उडतो. म्हणे, याच्याकडं किती एकराची वाही हाये? म्हटलं, तो मुंबईचा. म्हणे, मंग माह्या बैलाच्या ढुंगनावर याचं थोबाड कायले?
वर्षाली बाहेर आली आणि रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणे, पोरी, तुही चूक नाई. साडेचारची गाडी पकडून गेले. रागावले बिलकूल नाहीत. मला एक शिवी पण नाही. समाधानीच वाटले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. अमरावती
९.४०. थिएटरच्या पार्किंगमध्ये एकही बैल नाही. शेण पण नाही. व्यवस्था चोख.
१०.०५. शाळांच्या बसेस आल्या. बैलवाल्यांची पोरं असतील.
१०.३०. पोरंच आहेत.
१०.३५. फक्त पोरं आहेत.
संध्याकाळी, घरी:
सगळं लिहीत नाही. मुद्द्याचं तेवढं. एस साइजच्या केपमध्ये पहिलीतली चार पोरं मावली. एल साइजमध्ये एक वर्ग. शेपटीसाठी जो फास ठेवला होता त्यातून एकानं मुंडकं बाहेर काढलं आणि ते आत जाईना, मग बाईंनी खोबरेल तेल मागवलं. सरकता जिना वॉचमननं आधीच बंद केला, देव त्याचं भलं करो. पोरं झुली ओढत पायऱ्यांनी वर गेली. चौसष्ट पानांत जे जे करायचं नाही असं लिहिलं होतं ते हीरोच्या चेहऱ्याचं सगळं झालं.
रागिणी मॅडम मुंबईहून आल्या होत्या. तरुण पोरगी. त्यांनी हळूच विचारलं, किशोरजी, हे कोणासाठी बनवलंत?
दोन महिन्यांत या कामात कोणी कोणाला विचारलेला हा पहिला नेमका प्रश्न.
म्हटलं, बैलांसाठी. मॅडम खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, सांगितलं का नाही? म्हटलं, तुम्ही विचारलं नाही. म्हणाल्या, आणि तुम्ही?
एवढ्यात ललितभाऊ माझ्याजवळ येऊन कुजबुजले, भाऊ, तुमी तोरन उंच बांधा म्हनले तवाच मले शंका आली होती. म्हटलं, मग तेव्हाच बोलायचं ना! म्हणे, मले वाटलं, मोठा मानूस, इचारलं तर हासन.
सिनेमा पोरांना आवडला असावा. बरीचशी झुली अंथरून झोपली होती.

२३ ऑगस्ट, शनिवार
स्टुडिओचा मेल. उरलेला माल 'फॅमिली पिकनिक सतरंजी' म्हणून तिकिटाबरोबर फुकट वाटणार. यादीत आता आपण सतरंजी पार्टनर. हिंगाच्या खाली.
डोमाजी दुकानात आला होता. महादेवरावांच्या गावचा, घुंगरं बदलायला. त्याच्याकडून कळलं. डौल्या तोरणाखालून उघड्या पाठीनं गेला. गोदाबाईनं गेरूत हात बुडवून पाठीवर पंजे उमटवले होते, तेवढंच. कोणी म्हणे, काहून हो, झूल कुठं? महादेवराव म्हणे, अकोल्यात मोठ्या लोकाईचं काम निघालं.
म्हणजे चारचौघांत माझं नाव राखलं. मोठा माणूस.
आज मी शिवण नाही, हिशोब नाही, काहीच केलं नाही. नुसता बसलो.

२४ ऑगस्ट, रविवार. रात्री नाही, दुपारीच लिहितो
महादेवरावांचा फोन. मी तयारीत होतो, किशोऱ्या लेका म्हणून दोन शिव्या घालतील, मी ऐकून घेईन, दोन दिवसांनी जाऊन पुरणपोळी खाऊन येईन, संपलं. सत्तावीस वर्षांत चार वेळा असंच संपलंय.
म्हणाले, नमस्कार किशोरशेठ. तुमी बरे आहान ना? कामात असान, जास्त टाइम घेत नाई.
एकदम शेठ. एकदम तुमी. आधी वाटलं, चला, माझी किंमत कळली. मग ते वाटणं टिकेना.
म्हणाले, जरा वर्षालीले द्या.
ती त्यांच्याशी अकरा मिनिटं बोलली. दोनदा हसली. माझे कान तिखट, पण ती अंगणात गेली. आत येऊन सांगितलं, ती लाल मखमल काचा लावून पुरी करायची आहे. पोळा गेला तरी करायचं, घाई नाही, डौल्या जिवंत आहे तोवर त्याच्या अंगावर एकदा पडली पाहिजे. ऑर्डर वहीत लिहायची. दुकानाच्या नावानं नाही, तिच्या.
तिनं वही काढली. माप लिहायला घेतलं आणि थांबली. म्हणे, मागच्या साली बैल भरला होता, आता उतरला असन. माप नव्यानं घ्या लागते. म्हटलं, मला पाठ आहे, साठ इंच.
ती म्हणे, इचारून घेते, आणि फोन लावला.