पडद्यावरचा कचरा

६ जानेवारी, सोमवार

लॅबचा जुना कॉम्प्युटर जळाला म्हणून सूर्यभान सरांनी नवा आणला. रक्ताच्या मशीनची केबल त्याला जोडली. पडद्यावर हिमोग्लोबिनच्या जागी डॉलर, टक्का, चौकोनी डबे! मशीनचा स्वतःचा पडदा दिवाळीतच गेलाय, त्यामुळे आकडे दिसायला दुसरी जागाच नाही. आलेली सॅम्पलं सरांनी नगरला दुसऱ्या लॅबकडे पाठवली. राहुरीत इतकी वर्षं लॅब चालवली, ही वेळ आली नव्हती म्हणाले.

७ जानेवारी

तौसीफला फोन केला. माझा भाऊ, नगरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हणाला, मशीन ज्या वेगाने पाठवतं त्याच वेगाने कॉम्प्युटरने घ्यायला हवं, नाहीतर अक्षरं फुटतात. सेटिंगमध्ये वेग जुळवला. आता आकडे येतात, पण मध्येच भलतं काहीतरी घुसतं.

चाचणीला रक्त कुणाचं? पेशंटला उगाच सुई कशी टोचायची. सरांनीच बाही वर केली. "माझं घे, नाझनीन. मला आजवर साधा ताप न्हाई आला."

८ जानेवारी

सरांच्या पांढऱ्या पेशी आज — एक, डॉलर, क्यू. सर म्हणाले, डॉलर असतील तर राहू दे.

९ जानेवारी

केशरबाई रिपोर्ट न्यायला आल्या. नगरहून यायचाय म्हटलं. "मग रगत हितं कशाला काढलं?" चहा पाजला.

१० जानेवारी, शुक्रवार

नमाज उरकून तौसीफ स्वतः आला. केबल फ्रिजच्या वायरला चिकटून गेलेली, अर्थिंगची तार सुटलेली. दोन्ही नीट केलं. माझं रक्त लावलं — सगळे आकडे स्वच्छ! कंपनीचं तपासणीचं द्रावण लावलं. बाटलीवर छापलेल्या आकड्यांशी जुळलं.

मग सरांचं, सकाळी काढलेलं. पांढऱ्या पेशी एक लाख चाळीस हजार. असायला हव्यात फार तर अकरा हजार. तौसीफ वैतागला — अजून कचराच येतोय म्हणाला. परत लावलं. तेच. माझं परत लावलं. बरोबर.

तो पुन्हा केबलच्या मागे लागला. मी सरांच्या रक्ताची स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली ठेवली. मायक्रोस्कोपला केबल नसते. जिकडेतिकडे कच्च्या पांढऱ्या पेशींची गर्दी, ब्लड कॅन्सरमध्ये दिसते तशी.

थोड्या वेळाने तौसीफला म्हटलं, राहू दे, मशीन बरं झालंय. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बॅग भरली.

सर नात्यातल्या एका साखरपुड्याला पारनेरला गेले होते. फोन करायचा होता. केला नाही.

११ जानेवारी

काय सांगायचं ते सकाळपासून जुळवत होते. शेवटी स्लाइड लावून खुर्ची सरकवून दिली. सरांनी बराच वेळ पाहिलं. स्लाइड हलवली, परत पाहिलं. मला वाटलं, केबलचं विचारतील.

"रिपोर्टवर नाव काय टाकलंस?"

'टेस्ट' टाकलंय म्हटलं.

"ते काढ. माझं टाक."