‘हाय’ नव्हे, ‘आहे’

१७ सप्टेंबर
पाचोडला सभा. मराठीवर पाऊण तास बोललो. निजामाच्या काळात शाळेत आपल्या भाषेची जीभ कशी दाबली गेली, ते सांगताना समोरच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरले. माझेही. उतरताना कोणी म्हणालं, गुरुजींच्या तोंडात विस्तव आहे. खोटं कशाला लिहू, ते वाक्य घोळवतच घरी आलो. सुमतीला सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "मग तोंड जपा."

२३ सप्टेंबर
तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेचं पत्र. जानेवारीत, पैठणला. प्रत्येक शाळेच्या चौथीतून एक मूल. आमच्या वाडीतून आजवर कोणी गेलेलं नाही. आजपासून वर्गात शुद्ध बोलणं. नियम असा: कोणी ‘व्हय’ म्हणालं की सगळ्या वर्गाने एका सुरात ‘होय’ म्हणायचं. ‘हाय’ला ‘आहे’. ‘लई’ला ‘फार’. हजेरीला ‘हजर’ बंद, ते उर्दूचं. ‘उपस्थित’ म्हणायचं.
हेडमास्तर काझीसाहेब दारात उभे होते. "मास्तर, ‘हजर’नं तुमचं काय बिघडवलं?" म्हणाले आणि हसून गेले. माझं उत्तर जुळेपर्यंत ते खुर्चीत जाऊन बसलेही.

३० सप्टेंबर
नियम चालतोय. मुलांना गंमत वाटते. सर्वांत जास्त सापडते ठकू, म्हाळू धनगराची. कारण सर्वांत जास्त बोलतेही तीच. आज मेंढीच्या पोटात अडलेल्या कोकराची हकिकत सांगत होती. बापाने हात घालून ते कसं फिरवलं, आईने मेंढीचं डोकं मांडीवर कसं धरलं... वर्ग श्वास रोखून. मीसुद्धा. मधे आठ-नऊ वेळा वर्गाचा सूर झाला. घंटा वाजली. कोकरू जगलं की मेलं, ते राहूनच गेलं.
स्पर्धेला हीच न्यायची.

११ ऑक्टोबर
ठकूला भाषण लिहून दिलं, ‘माझा देश’. दोन दिवसांत पाठ. आज म्हणून दाखवलं. एक चूक नाही. एक शब्द तिचा नाही. हे आत्ता लिहिताना कळतंय. वर्गात मी टाळ्या वाजवल्या.

२१ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. मधल्या सुट्टीच्या थोडं आधी ठकू आपणहून उठली.
"गुरुजी, एक सांगायचं हाय."
मी तोंड उघडायच्या आत वर्ग म्हणाला, "आहे!"
"आमी म्हंजी..."
"आम्ही!"
"बा म्हनतो की..."
"म्हणतो!"
मी हात वर करून थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. उलट अभिमान वाटला, मुलांचे कान तयार झाले म्हणून. ठकूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आधी वाक्य नीट जुळव, मग सांग. ती बसली. सुट्टीत बोलावून विचारता आलं असतं. मी चहाला गेलो.

२५ नोव्हेंबर
ठकू बोलत नाही. हजेरीला नाव घेतलं की नुसता हात वर. ‘उपस्थित’ म्हण म्हटलं. खाली बघत राहिली. आवाज चढवला. व्हायचं तेच झालं, म्हणजे काही नाही.

२८ नोव्हेंबर
ठकू आली नाही. तिची आत्या पारूबाई आडावर पाणी शेंदत होती. म्हणाली, म्हाळूचा कळप काल निघाला, गोदाकाठाकडे, बायकापोरांसकट. आखाडात परत. मी म्हटलं, पोरीची शाळा? तिने दोर हातातच ठेवला.
"पोरगी माझ्यापाशी ऱ्हानार व्हती की. बा नाय म्हनत व्हता. ठकी म्हनली, मी गुरुजींला सांगते, ते बाला एकडाव बोलले की बा ऐकल, समदी ऐकत्यात त्यांचं." मग दोर ओढत, "तुमी बोलला न्हाई व्हय, गुरुजी?"
 

२९ नोव्हेंबर
दहा वर्षांचा मी. शहरातली शाळा, पाचवी, सगळं उर्दूतून. मास्तरांनी विचारलं, अभ्यास झाला का. मी ‘व्हय जी’ म्हणालो. वर्ग हसला. मास्तरांनी मारलं नाही. वर्गाला म्हणाले, याला सांगा. वर्ग एका सुरात म्हणाला, ‘जी हाँ’. त्या दिवसापासून मी ‘व्हय’ म्हणालो की वर्ग आपणच म्हणायचा. मग उरलेलं वर्षभर मी त्या वर्गात बोललो नाही.
ही गोष्ट मी प्रत्येक सभेत सांगतो. टाळ्या इथेच पडतात. युक्ती मी तिथूनच उचलली, हे काल आडावर उभं राहीपर्यंत मला सुचलंही नव्हतं. की सुचू दिलं नव्हतं?
काझीसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "वो बच्चा बाद में बोलने लगा, मास्तर. इत्ता बोला, इत्ता बोला, सुनना भूल गया." मग म्हणाले, "जाओ. मिल के आओ."

२ डिसेंबर
सायकलने गेलो. पैठणच्या अलीकडे, ज्वारीच्या रानापलीकडे कळप दिसला. दिसण्याआधी ऐकू आला तो ठकूचा आवाज. मेंढरांना हाका, एकेकीला नावाने, रानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक मागे रेंगाळत होती, तिला म्हणाली, "चला पाटलीनबाई, का पालखी धाडू?" पलीकडच्या बांधावरची माणसं हसली. मला एवढ्या रानात लाउडस्पीकर लागला असता. मी सायकल धरून उभा राहिलो. मग जवळ गेलो, आणि ती थांबली.
म्हाळूसमोर बोललो. मुलीचं शिक्षण, येणारा काळ, आत्याचं घर. चांगलं बोललो, हीच त्यातली वाईट गोष्ट. तो उकिडवा बसून शेवटपर्यंत ऐकत होता.
"गुरुजी, तुमी लई ग्वाड बोलता. मला पटतंय बी. पर आता तीच नाय म्हनती. आधी ऱ्हायचं म्हनून लई रडली, आता नाय म्हनती. तिलाच इचारा."
विचारलं. ती मेंढीच्या कानातली गोचीड काढत राहिली. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. बसलोही, थोडा वेळ. मग राहवलं नाही, पुन्हा बोललो. तिथेच घालवलं असं वाटतं.
निघताना माफी मागायची होती. आजवर इतकं वाचलं, त्यातलं एक वाक्य कामाला येईना. दहा वर्षांच्या मुलीला काय म्हणतात? शेवटी विचारलं, ते कोकरू जगलं का? तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

९ डिसेंबर
नियम बंद केला. मुलं बंद करत नाहीत. आज कोणी ‘हाय’ म्हणालं आणि तीन-चार तोंडांतून ‘आहे’ आलंच. मी शिकवलेलं मलाच पुसता येत नाही. ‘हजर’ परत आणलं. स्पर्धेला कोणी जाणार नाही असं लिहून दिलं. काझीसाहेबांनी न विचारता सही केली.

१८ जानेवारी
रोज शेवटच्या तासाला एक मूल सांगतं, बाकीचे ऐकतात. मी मागे, मुलांच्या तरटावर. तोंड उघडायचं नाही. तिसऱ्या वाक्यालाच जीभ शिवशिवते. आज एकाने बैल हरवल्याचं सांगितलं. मधे अडला, अडूनच राहिला, कोणी मदत केली नाही, आणि त्याचा तोच पुढे गेला. सुमती म्हणते, हा तास घरीही ठेवा.
सव्वीस जानेवारीला बोलायला पाचोडहून निरोप होता. नाही कळवलं. मग वाटलं, हाही एक तोराच.

४ जुलै
कळप आला. पारूबाईने ठकूला शाळेत आणून सोडलं. परीक्षा बुडाली म्हणून ती पुन्हा चौथीत. तिच्या बरोबरीची सगळी पाचवीला पाचोडला गेली. या वर्गातल्या मुलांना तो नियम माहीत नाही. तिला माहीत आहे.
आत आली नाही, चौकटीला टेकून उभी. सात महिन्यांत उंच झाली. हजेरी घेताना तिच्या नावाशी आलो. नाव घेतलं आणि थांबलो. या वेळी खरंच थांबलो. वर्गात चुळबूळ. एक मुलगी हळूच म्हणाली, "बोल की गं." ठकूचे ओठ हलल्यासारखे वाटले. वाटले म्हणजे वाटलेच. मी पुढचं नाव घेतलं.
दिवसभर ती चौकटीतच. शेवटच्या तासाला मात्र उंबऱ्यावर बसली, तोंड आत करून. ऐकत होती.
शाळा सुटल्यावर काझीसाहेबांनी हजेरीपट पाहिला. एक रकाना कोरा कसा, म्हणाले. हजर की गैरहजर?
"राहू द्या," मी म्हणालो. "उत्तर यायचं हाय."
काय बोललो ते फाटकापाशी आल्यावर लक्षात आलं. त्यांनी दुरुस्त केलं नव्हतं.