मोकळी झालेली जागा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी उठलो, चहा केला, कपडे धुतले. दुपारी बँकेत जाऊन आलो. संध्याकाळी कॉम्प्युटरमधली जागा मोकळी केली. त्याबद्दलच लिहायचं आहे.

अंधांच्या ग्रंथालयातल्या बाईंचा निरोप आला होता. हिने त्यांच्यासाठी वाचायला घेतलेलं भूगोलाचं पुस्तक अर्धंच झालं होतं. झालं असेल तेवढं द्या, मुलं विचारतात, म्हणाल्या. रेकॉर्डिंग ही घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरच करायची, हे तुला माहीत आहे. मी सगळे फोल्डर पाहिले. पुस्तक सापडेना, आणि मशीन तर जागा नाही, जागा नाही म्हणून अडून बसलेलं. मग मदतीच्या पानावर लिहिलं होतं तसं केलं. तात्पुरत्या फायली काढल्या, न वापरलेले प्रोग्रॅम काढले, शेवटी कचरापेटी रिकामी केली. एकदम निम्मी डिस्क मोकळी झाली. ही गेल्यापासून एखादं काम पुरं केल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं.

मग टेबलाखाली टोपलीला पाय लागला. रद्दी कागदाची टोपली, पण आत हिची लोकर आहे. आठवतं ना, अर्धवट विणकाम ती त्यातच ठेवायची. हाताशी राहतं, पुरं झालं की कपाटात. कॉम्प्युटरवरही तिचं तेच. अर्धवट वाचन कचरापेटीत. मी एकदा बोललो होतो, तर म्हणाली, टाकणारं घरात आहे कोण?

ताई, मी टाकलं. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. काय करू?

आहे तो लोभ उणा होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा

८ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचल्याबरोबर फोन लावला, तर तू नुसतं हं हं करून ठेवून दिलास. लहानपणी दाढ दुखायची तेव्हाही हेच. गाल सुजल्यावरच घरात कळायचं. म्हणून सूनबाईने सांगितलेलं लिहूनच पाठवते. ऑफिसात ती हीच कामं करते, तेव्हा नीट वाच.

कचरापेटी रिकामी केली म्हणजे लगेच पुसलं जात नाही म्हणे. जागा मोकळी आहे अशी पाटी तेवढी लागते. आतलं सामान तसंच असतं, दुसरं कोणी राहायला येईपर्यंत. तेव्हा त्यावर नवं काही ठेवू नकोस. सुरूच करू नकोस. वायर काढ, कॉम्प्युटरचा डबा जाड चादरीत गुंडाळ आणि कुरियरने इकडे पाठव.

आणि जेवत जा. वहिनी तुझ्यावर रागावली नसती. हसली असती, आणि मग ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत सुटली असती. ते काम आता माझ्याकडे.

उत्तर दे. हं चालणार नाही. माया आहे म्हणून बोलते.

तुझी
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डबा आज पाठवला. फोनवर तू हात लावू नकोस म्हणालीस तेव्हा मी हं म्हणालो, कारण पुढचं तोंडातून निघेना.

पहिलं पत्र टाकून आलो त्या दिवशी मी कपाटातल्या जुन्या सीड्या काढल्या. हिचे सगळे फोटो होते. आवाज गेला, निदान चेहरा तरी एका जागी असावा, म्हणून ते सगळे त्या मोकळ्या जागेत भरले. एकही सोडला नाही.

सूनबाईला विचार, कुठे काय ठेवायचं ते मशीन स्वतःच ठरवतं का? थोडा तरी कोपरा तसाच राहिला असेल ना? तिला म्हणावं, मामा लागतील तितके दिवस थांबतील, पण घाईने नाही म्हणू नकोस. हिचं बोलणं आठवायला बसतो तेव्हा शब्द येतात. आवाज माझाच येतो.

सांभाळून घेत आलीस, तसंच घे.

तुझा
धाकटा

२ मार्च

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

आडवळणाने लिहीत नाही. पुस्तक गेलं रे. सूनबाई रोज ऑफिसातून आली की त्यावरच बसायची. फायलींची नावं दिसतात, उघडल्या की नुसती खरखर. वाचन होतं तिथे बहुतेक फोटोच येऊन बसलेत. नद्यांच्या धड्यातला एक तुकडा मात्र शाबूत निघाला. आम्ही पहिलं वाक्य ऐकलं आणि बंद केलं. पुढचं तुझं आहे.

नवी डिस्क घालून डबा परत पाठवते. फोटोही आहेत, त्यांच्यावर राग धरू नकोस. रडावंसं वाटलं तर रड. मी इथे रडून घेतलं.

जवळ नसले तरी आहे, हे विसरू नकोस.

तुझी
ताई

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. तुकडा ऐकला. नदी डोंगरातून निघते तिथपासून आहे. पुढे गाळाचं वाक्य अर्ध्यात सोडून ही थांबते आणि जरा मोठ्याने म्हणते, अहो, दूध उतू जाईल, बघता का? लांबून माझं हं ऐकू येतं. तिथेच संपतं.

ग्रंथालयाला देण्यासारखं त्यात काही नाही. बाईंना तसं कळवलं. सूनबाईला माझे आशीर्वाद सांग. तुझा लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझा
धाकटा

ता. क. ऐकल्यावर उठून स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंदच होता. आलोच आहे तर म्हणून दुधाचं पातेलं ठेवलं, आणि दूध वर येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.