मागच्या खोलीची भेग

बाबा, मागच्या भिंतीच्या भेगेत काल माझं बोट गेलं. दर उन्हाळ्यात ती उघडायची आणि तुम्ही ती चुन्याने बुजवायचात. पावसाळ्यात दार अडकलं की रंधा घेऊन बसायचात आणि सुताराच्या नावाने बोटं मोडायचात, "कच्चं लाकूड देल्लं त्यानं!" बिचाऱ्या सुताराचा काही दोष नव्हता. आपलं घर कन्हारीवर आहे. ती काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, आणि वरचं घर तिच्यासोबत हलतं. तुम्ही मात्र दार इतकं तासलंत की उन्हाळ्यात खालून मांजर आत यायचं. मी भेगेशेजारी पेन्सिलने खुणा करत बसले की ओरडायचात, "भिंतीले काय पाहून राहिली? पुस्तक पाह!"

मी भिंतीलाच पाहत राहिले. माती, बांधकाम, पाऊस, शेजारच्या धानाच्या बांधीत साचलेलं पाणी, हे सगळं एकत्र धरून संगणकावर घर उभं करायचं, हा माझा अभ्यास. अशा संशोधनासाठी एका संस्थेत मला काम मिळालं, विषय आपणच निवडायचा होता. मी आपलं घर निवडलं. मोठ्या इमारतींची मॉडेलं पुष्कळ आहेत, बांधीला लागून असलेल्या साध्या घराचं कोण करतं? त्यांनी ते उचलून धरलं. अट एकच, दोन पावसाळे भिंतीला हात लावायचा नाही. भेगेवर मोजणीची यंत्रं बसली आणि माझी झोप उडाली. सारखे मोबाइलवर आकडे बघायचे. भेग वाढली की आनंद व्हायचा, आणि लगेच त्या आनंदाचीच भीती वाटायची, कारण भिंतीला लागून आईची खाट होती. हलव म्हटलं तर हलवायची नाही. तुम्ही तिथेच झोपायचात म्हणे.

पहिला पावसाळा सरला, दुसरा तोंडावर आला. परवा आईचा फोन आला, "लाखांदूरचा मिस्त्री म्हणते, भिंत पाडा लागते. तू सांग, तुले समजते." मी म्हणाले, थोडं थांब. "थांबतो ना. तू म्हणतेस तं काही होत नाही." फोन ठेवला आणि मॉडेल पुन्हा चालवून पाहिलं. मॉडेल म्हणतं, भिंत बहुधा टिकेल. या 'बहुधा'वर मी दुसऱ्या कोणाच्या आईला तिथे झोपू दिलं असतं का?

काल भंडाऱ्याहून एसटीने घरी आले, यंत्रं काढली, मिस्त्रीला बोलावलं. संस्थेला कळवलं, अट मोडली, माझं काम अर्धवटच संपलं. आज छपराच्या कवेलूंना टेकू देऊन भिंत पाडली. पहिला घण बसला तेव्हा मला रडू आवरेना. आईने जवळ घेतलं, म्हणाली, "बाबाची आठवण आली काय वो?" मी मान हलवली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. ते रडणं तुमच्यासाठी नव्हतं, बाबा.