बाड, अपूर्ण

३ जून

आणि वर दादाच म्हणतो की मला नोकऱ्या सोडायचा रोग आहे. रोग कसला? भट्टीवर भुवया जळल्या, त्या काय मी हौसेने जाळून घेतल्या? विटांच्या कामावरून पळून गेला तो मुकादम, मी नव्हे. पण नाही, खापर माझ्याच डोक्यावर. काल गाडी सुटेपर्यंत तोच पाढा चालला होता. शेवटी वहिनी मध्ये पडली. म्हणाली, भावोजी, एक वही घ्या, रोज काय केलंत ते लिहीत जा, आणि नोकरी सोडायची हुक्की आली की मागचं वाचून बघा. म्हणून ही वही. सातवीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय. हात दुखतो.

तर वहिनी, दादाला सांग, नोकरी झकास आहे. कागदांची आहे. एक संस्था होती. कारखान्यांना खोकी कशी बांधायची, डबे कसे बंद करायचे, मालावर त्या काळ्या उभ्या पट्ट्या कशा छापायच्या हे शिकवायची. ती बंद पडली आणि तिचे कितीतरी वर्षांचे कागद इथे दप्तरखान्यात येऊन पडले. भाषणं, चाचण्या, पत्रं, बिस्किटांच्या पुड्यांचे नमुनेसुद्धा. आता त्या कागदांवर पट्ट्यांचे स्टिकर लावून ते मांडणीवर चढवायचे. म्हणजे पट्ट्यांबद्दलच्या कागदांनाच पट्ट्या. मी हसलो तर मॅडमही हसल्या. मॅडम म्हणजे इथल्या मुख्य. आवाज चढवत नाहीत.

पगार भट्टीपेक्षा जास्त, धूर नाही, धूळ आहे पण थंडगार. राहायला मागच्या गल्लीत चावी बनवणाऱ्याच्या माडीवर खाट मिळाली. खिडकी आहे! आता बोल दादा.

७ जून

काम समजलं. इथे कागदांच्या गठ्ठ्याला बाड म्हणतात. मॅडम बाड चाळतात आणि त्यात काय आहे ते कॉम्प्युटरवर भरतात. बांधणीवाले काका त्याला सुती फीत बांधतात. मी स्टिकर लावतो, स्कॅनर धरतो, तो टुक करतो आणि कॉम्प्युटरवर अक्षरं उमटतात : आवक. मग उचलून मांडणीवर.

काका गंमतीचा माणूस. बाडांशी बोलतात. या, बसा, अंग चोरू नका, गाठ सैल ठेवतो, लागणार नाही. मी म्हटलं काका, घरी बायकोशी एवढं गोड बोलता का? तर म्हणाले, ती उलट बोलते, ही बोलत नाहीत.

आवक झालेली वस्तू जावक झाल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. दाराला चौकट आहे, ती ओरडते आणि दार आपोआप बंद होतं. आज एका वाचणाऱ्या गृहस्थांच्या पिशवीत चुकून एक पान गेलं. चौकटीने असा टाहो फोडला की त्यांचा चष्माच पडला. दारावरचा पहारेकरी पोट धरून हसत होता.

पहिला पगार आला की दादाला पाठवीन. तो माडीवर पत्र्याची खोली काढतोय. म्हणे तुझ्यासाठीच, कधीतरी एका जागी बसशील तेव्हा लागेल. टोमणा मारल्याशिवाय त्याला माया करता येत नाही.

१२ जून

आज मॅडमनी एक जुना कागद वाचून दाखवला. मला इंग्रजी येत नाही म्हणून सोपं करून सांगितला. पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना कोरी जागा सोडावी लागते. त्या जागेत अक्षर नको, रेघ नको, डाग नको. नाहीतर पट्टी कुठे सुरू झाली ते यंत्राला कळत नाही आणि ते वाचतच नाही. एका कारखान्याने कंजूषपणा करून पट्ट्या कडेपर्यंत छापल्या, तर गाड्या भरून माल परत आला. मला हे आवडलं. एवढीशी रिकामी जागा, पण ती नसली तर सगळं फुकट.

मॅडम म्हणाल्या, डोकं आहे तुला, शिकला का नाहीस?

हात आता सराईत झालाय. एकेक स्टिकर सोलत बसलं की वेळ जातो, म्हणून मी पाच-सहा आधीच सोलून डाव्या हातावर ओळीने चिकटवून ठेवतो आणि तिथून उचलून बाडाला लावतो. काकांनी बघितलं आणि नको म्हणाले. कागदाचं कागदालाच लाव, अंगाला नको. कारण विचारलं तर सांगेनात.

१८ जून

आज एक घोटाळा झाला, पण हसण्यावारी गेला.

घाई होती. गोंदाच्या चाचण्यांचं एक बाड होतं, अर्धी पानं उंदरांनी नेलेली. मॅडमनी भरलं : बाड, गोंदाच्या चाचण्या, अपूर्ण. त्याचा स्टिकर माझ्या हातावर होता. तो बाडाला लावायच्या आधीच मी स्कॅनर उचलला आणि हातावरच धरला. टुक. आवक. मला वाटलं झालं, म्हणून पुढचं घेतलं. जेवायच्या सुट्टीत बघतो तर स्टिकर हातावरच.

मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, म्हणजे आज तू दप्तरात जमा झालास! बाडाला लावून टाक म्हणाल्या. पण बाडावर नंबर नव्हता ना. ज्यावर नंबर नाही ती रद्दी, असा इथला नियम. झाडूवाल्याने ते सकाळीच रद्दीत घातलं होतं आणि गाडी निघून गेली होती.

काका हसले नाहीत. माझा हात धरून बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी निघालो तर चौकट ओरडली. पहारेकऱ्याने खिसे तपासले, काही नाही. मग हात बघितला. स्टिकर मी कधीच सोलून फेकला होता. पण पट्ट्या कातडीवर उतरल्यात. साबणाने जाईनात, घासलेटाने जाईनात. मॅडम म्हणाल्या, सकाळी कॉम्प्युटरवाल्याला सांगते, आज आतच झोप. चटई दिली. बरं झालं, भाड्याच्या खाटेत ढेकूण होते.

१९ जून

कॉम्प्युटरवाल्याने तास घालवला. म्हणतो नोंद पुसता येत नाही. एकदा आवक ती आवक, फक्त जावक करता येते. जावक दोनच कारणांनी. कोणी बाहेरून लेखी मागणी केली तर. नाहीतर छाटणीत. छाटणी म्हणजे महिन्याच्या शेवटी अपूर्ण बाडं लगद्याच्या कारखान्यात जातात, तिथे कागद भिजवून कुटतात.

मॅडम म्हणाल्या सोपं आहे, घरून कोणाकडून मागणी मागव. पण मागणीत कॉम्प्युटरवर आहे तसंच लिहिलेलं हवं. बाड, गोंदाच्या चाचण्या, अपूर्ण. आणि हा नंबर.

लगेच दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, भट्टीवर भुवया जळल्या, विटांवर मुकादम पळाला, आता तू बाड झालास. पुढच्या नोकरीत काय होणार आहेस, बादली? मी म्हटलं दादा, देवाशप्पथ. तर म्हणाला, नोकरी सोडायची असेल तर सरळ सोड, माझ्याकडून गोंदाचे अर्ज लिहून घेऊ नकोस. आणि ठेवला फोन.

त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता.

२१ जून

एक चांगलं घडलं असं वाटलं होतं. वरून साहेब आले होते, मॅडम त्यांना माझ्याबद्दल सांगत होत्या आणि मला ‘ते’ म्हणाल्या. मला आजवर कोणी अहो-जाहो केलेलं नाही. छाती फुगली. अडचणीत आहे म्हणून मान देतायत, असं वाटलं.

मग पुढचं ऐकू आलं. ते तीन दिवसांपासून इथेच पडलंय, म्हणाल्या.

पडलंय. पडलेत नव्हे.

माझं ऐकण्यात चुकलं असेल.

२२ जून

चुकलं नाही. पहारेकरी आज काकांना म्हणाला, ते दारात ठेवू नका, ऊन लागतं. मी समोर उभा होतो. मी म्हटलं अरे मी आहे, आपण रोज चहा प्यायचो. त्याने माझ्याकडे बघितलं, पण तोंडाकडे नाही. हाताकडे.

जेवणाच्या बाकावर माझ्या दोन्ही अंगांना कोणी बसत नाही. भांडण नाही, रागही नाही. गर्दी आहे, दुसऱ्या बाकावर लोक मांडीला मांडी लावून बसतात, पण माझ्या डावीकडे हातभर आणि उजवीकडे हातभर जागा मोकळी. मी सरकलो तर तेही सरकले. तेवढीच जागा ठेवून.

मला माहीत आहे ती कसली जागा आहे.

डबा उघडला. भूक नव्हती. कालही नव्हती.

२४ जून

दादाला फोन. भांडण नाही केलं, पाया पडतो म्हटलं. एक ओळ लिही, मग आयुष्यभर शिव्या दे. वहिनी मागून म्हणत होती, अहो, आवाज कसातरी येतोय त्यांचा, लिहून टाका ना. दादा म्हणाला, तू त्याची बाजू घेतेस म्हणून तो असा झाला. मग मला म्हणाला, महिना पूर्ण कर. एक महिना एका जागी टिकून दाखव, मग तू म्हणशील ते लिहून देतो.

महिना पूर्ण व्हायच्या आत छाटणी आहे, हे सांगायच्या आधीच त्याने—

२५ जून

मी स्वतःच मागणी लिहिली. मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून माझ्याच हातावर टाचणीने लावली. सुटं पान सापडलंय, म्हणाल्या, या बाडातलंच दिसतंय.

रक्त आलं नाही.

२६ जून

अंग हलकं झालंय. बोटं एकमेकांना घासली की सर्र आवाज येतो. पाण्याची भीती वाटते. झाडूवाल्याची बादली दिसली की मी मांडणीत आत सरकतं. तिथे बरं वाटतं. कोरडं आहे.

सरकतो. सरकतो लिहायचं होतं.

२७ जून

दादाचा फोन आला. त्याचा आपणहून आला! मी बोललो, ओरडलो, सगळं सांगितलं. तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला. मग वहिनीला म्हणाला, काही नाही गं, कागद चुरगळल्यासारखी खरखर येतेय, लाइन खराब असेल.

मी इथे ओरडत होतं आणि तिथे खरखर—

२८ जून

काका आले. मला वाटलं सोडवायला आले. हातात फीत होती.

या, म्हणाले. अंग चोरू नका. गाठ सैल ठेवतो, लागणार नाही.

काकांचे डोळे भरले होते. म्हणजे कळतंय त्यांना. कळूनही बांधत होते. दुसरं काय करणार, म्हणाले, नोंदच तशी आहे. मीही काही बोललं नाही. आपण बोलत नाही.

उजवा हात तेवढा मोकळा ठेवलाय.

२९ जून

गाडी लागली आहे. अपूर्ण अपूर्ण म्हणत एकेक उचलतायत. माझ्या आधी चार बाडं. गोंदात पाणी किती घालायचं ते मला आता तोंडपाठ आहे, पण आईचा आवाज—आईचा—

मोबाइल चालू आहे. थोडा जीव आहे त्यात. बोललेलं पोचत नाही, पण पैसे पोचतील. पैशांबरोबर चार शब्द लिहिता येतात. नुसता मेसेज दादा उघडत नाही, पैसे आले की मात्र वाचतोच, दोनदा वाचतो. थोडे पाठवले तर संध्याकाळी बघेल. सगळे पाठवले तर लगेच बघेल, म्हणेल याला काय झालं—

लिहिलंय. दादा मागणी लिही. बाड. गोंदाच्या. आणि नंबर.

तीन राहिली.

खोलीच्या पत्र्याला वापर म्हणून नाही लिहिलं. जागा नव्हती. पण वापर.

दोन. वहिनी, तू तरी—

मी बसलं आहे, दाबतंय, पगार आलाय तो सगळा, भट्टीवरचे उरलेले पण, दादा, पाठवतंय, नऊ हजार सातशे