कालचा मासा

चांदा, डिसेंबर १९५४

बा,

साल झालं, चित्रशाळेत नुसत्या कोळशानं चित्रं काढून राह्यलो. रोज संध्याकाळी सर फडक्यानं सगळं पुसून टाकतेत. आज त्यांनी बाजारातून रोहू आणून ताटात ठेवला. सगळ्यांनी त्याचा डोळा चमकता काढला. मी खोल गेलेला, धुरकट काढला, मासे धरताना तू ओळखाले शिकवला तसा.

"डोळ्यात चमक का नाही?" सरांनी विचारलं.

"मासा कालचा आहे, सर."

सरांनी वास घेतला अन् हसले. "ढिवराचा का रे तू?"

आजवर मी सगळ्यांले शेतकऱ्याचा पोरगा म्हणून सांगत होतो, बा. आज हो म्हटलं. सरांनी चित्र पुसलं नाई.

हे पत्र गावचे मास्तर सगळ्यांसमोर वाचतीन, मी तुले लपवलं हे ऐकून तुही मान खाली जाईन. म्हणून धाडत नाई, पेटीतच ठेवतो.

ढिवराचा डोमा