आज भिंत लागली का

आये,

आज सकाळी वहिनी दवाखान्यात आली होती. कडावहून एसटीनं भिसेगावला उतरली आणि इतर पेशंटांसारखी बाकावर नंबर लावून बसली. आत येताना तिनं चौकटीला हात दिला, तो मी पाहिला. स्टुलावर टेकल्यावर मी विचारलं, "कसे आहेत गुडघे?" तर पदर सारखा करत म्हणते कशी, "बरं हाय, भावजी." माझ्या डोक्यात तिडीक गेली. शब्द तुझे, सूर तुझा, पदर सारखा करण्याची ढबसुद्धा तुझी. तू जाऊन चौदा पावसाळे झाले, मी साठीकडे झुकलो, आणि तरी त्या दोन शब्दांचा मला अजून राग येतो. संध्याकाळी दवाखाना बंद केला आणि घरी न जाता हे लिहायला बसलोय.

तुला हे पहिलंच पत्र म्हटलं तरी चालेल. मुंबईला शिकत होतो तेव्हा दर पंधरा दिवसांनी लिहायचो, पण ती पत्रं तुला वहिनी वाचून दाखवायची. चार इयत्ता शिकलेली, तुझ्या सख्ख्या भावाची लेक. दादाशी लग्न होऊन ती आली तेव्हा मी घरात नव्हतो. तुझं उत्तर यायचं तेही तिच्याच अक्षरात. 'आत्या बरी आहे. वेळेवर जेवत जा.' त्या कार्डावर तुझं म्हणणं किती आणि तिचं किती, हे मी खोलीवर बसून शोधत राहायचो. डॉक्टर होऊन परत आलो तर माझी जागा भरून गेली होती. चुलीपुढे तुम्ही दोघी, एक विळीवर, एक परातीशी, काहीतरी बोलून हसताय. मी आत आलो की हसणं थांबायचं. "बस रं, च्या टाकते," तू म्हणायचीस, पाहुण्याला म्हणावं तसं. मला ती बाई आवडली नाही. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, म्हणून तर जास्तच.

कडावच्या घरी पडवीतच मी तेव्हा दवाखाना थाटला; भिसेगावचा हा नंतरचा. सगळा जन्म भाताच्या लावणीत वाकून काढलेल्या बायका यायच्या, पार खालापूरकडून यायच्या. कुणाचे गुडघे, कुणाचा खुबा. तुझे गुडघे तेव्हाच बाहेरच्या बाजूला वळायला लागले होते. मी तुझा रीतसर केसपेपर केला. गोळ्या, शेक, पाय सरळ ताणून धरायचा व्यायाम, आणि सक्त ताकीद, की खाली बसायचं नाही. कर्जतच्या बाजारातून हातांची सागवानी खुर्ची आणून चुलीशेजारी ठेवली. केवढी मिरवलीस तू ती! शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलीस, "माझ्या डाक्टरानं आनली." मी घरात असलो की तू तिच्यावर बसायचीस. मी नसलो की तिच्यावर वाळवणाचं सूप असायचं, हे मी एकदा दुपारी अवचित आत आलो तेव्हा कळलं. खुर्चीवर बसून जमिनीवरची चूल फुंकायची कशी, हे मी विचारलंच नव्हतं. वहिनीनं विचारलं असणार. आठ दिवसांत तिनं गोठ्याकडच्या भिंतीला मातीचा कमरेएवढा ओटा रचला, वर चूल घातली, आणि तू उभ्यानं भाकऱ्या थापायला लागलीस. मी ते पाहिलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. "वहिनी, डॉक्टर कोण आहे या घरात?" मी ओरडलो. ती खाली मान घालून पीठ मळत राहिली. तू मात्र माझ्यावर डोळे वटारलेस. "तिला काय बोलायचं नाय. सांगून ठेवते." कळता झाल्यापासून तू मला रागावलीस ती तेवढीच, आणि तीही तिच्यासाठी.

महिन्यातून एकदा मी तुला पडवीत बोलवायचो. तू पेशंटांसमोरून ताठ चालत यायचीस. "कसं आहे?" "बरं हाय." मी लिहायचो, 'सुधारणा.' असे किती महिने गेले. संध्याकाळी कधी कधी माजघरातून वहिनीचा आवाज यायचा, "आत्या, आज भिंत लागली का?" आणि तू काहीतरी उत्तर द्यायचीस. बायकांची काहीतरी थट्टा चाललीय असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मुंबईत माझे एक सर होते. वळलेल्या गुडघ्याचं हाड कापून पाय सरळ करायची शस्त्रक्रिया ते करत. मी त्यांना तुझे एक्स-रे पाठवले. त्यांचं उत्तर आलं त्यात गुडघ्याबद्दल एक ओळ नव्हती. 'चित्र पाहून मी सुरी उचलत नाही. आईला काय करता येत नाही आणि काय करायची सगळ्यात जास्त इच्छा आहे, ते तिच्याच तोंडून ऐक आणि कळव.' मी तुला खुर्चीत बसवून विचारलं, "आये, तुला काय जमत नाही?" "समदं जमतं." "मग काय करावंसं वाटतं?" तू हसलीस. "तू येळेवर जेव, येवढंच वाटतं." तीन दिवसांनी मी सरांना लिहिलं, सुधारणा आहे, तक्रार नाही. त्यांनी कळवलं, मग थांबू. पुढे दोन वर्षांत ते निवृत्त झाले आणि ते दार बंद झालं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा अंथरुणाला खिळला. तुझं माहेर खालापूरच्या बाजूला, एसटी सोडली की पुढे दोन मैल शेताच्या बांधांवरून. तू आणि वहिनी जाऊन आलात. मी विचारलं, "चालत गेलीस?" "मंग काय उडत जाईन?" मी खूश झालो. केसपेपरवर लिहिलं, 'दोन मैल चालते.' ते अक्षर अजून आहे, निळ्या शाईतलं, ऐटीत काढलेलं.

तू साध्या तापानं गेलीस. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर वहिनी भांडी आवरत होती आणि माझी सागवानी खुर्ची ओट्याशी होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोरीचे वळ उमटलेले होते. मी विचारलं, हे काय? तेव्हा तिनं सांगितलं. ती खुर्ची तुम्ही एसटीच्या टपावर टाकून नेली होती. फाट्यावर मामाच्या पोरांनी तिला दोन बांबू बांधले आणि तुला बांधावरून उचलून नेलं. "वाटंत लोकं बघत व्हती, तर आत्यानं तोंडावर पदर घेतला," वहिनी म्हणाली. "तुमाला सांगायचं नाय म्हनून मला शपथ घातलेली. डाक्टरची आयच लंगडती म्हटल्यावर पडवीत कोन येल, म्हनायची." मग तिनं भिंतीचं सांगितलं. उठताना हात भिंतीला गेला तर 'लागली', न धरता उठलीस तर 'नाय लागली'. रोज दिवेलागणीला ती विचारायची, रोज तू खरं सांगायचीस. शेवटची तीन वर्षं एकही दिवस भिंतीवाचून गेला नव्हता. आणि तुला एकच हवं होतं, आपल्या पायांनी एकदा माहेरी जायचं. सरांना हवं होतं ते सगळं उत्तर त्या बाईकडे तयार होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं. पण खरं सांगू? ऐकताना मला आधी दुःख झालं नाही. आधी वाटलं, हे तू तिला सांगितलंस.

तेव्हापासून मी पेशंटला 'कसं आहे' विचारत नाही. उठताना काय धरावं लागतं? विळीवर बसता येतं का? माहेरी शेवटचं कधी गेलात, आणि कशा गेलात? म्हातारी जे बोलेल ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवतो. एक म्हणाली, "नातू रडला तर मी पोचस्तवर गप होतो," तेही लिहिलं. नवे डॉक्टर हसतात. पेशंट मात्र नेरळहूनही येतात आणि म्हणतात, डॉक्टर इचारतात चांगलं. ते विचारणं माझं नाही, मातीचा ओटा रचणाऱ्या एका बाईचं आहे, हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. कौतुक झालं की मान डोलावतो आणि आतून जळतो.

आणि तीच आज समोर बसून म्हणाली, बरं हाय. इतक्या वर्षांत तिला मात्र मी विचारलं नव्हतं. राग गिळला, पेन खाली ठेवलं. "वहिनी, भिंत लागते का?" तिनं वर पाहिलं. हातातला पदर सोडला. मग म्हणाली, "लागते. दोन वरसं झाली." डोळे पुसले आणि हसली. "असं तवा इचारलं असतंत भावजी, तर आत्यानं तुमालाच सांगितलं असतं. जाऊ द्या. तुमाला ठावंच नव्हतं, तुमी तरी काय करनार?"

आये, मला ठाऊक होतं. वर लिहिलंय की भिंतीच्या त्या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही, ते खोटं आहे. तुला खुर्चीत बसवून विचारलं त्याच संध्याकाळी मी माजघराच्या दाराआड उभा होतो. तिनं विचारलं आणि तू म्हणालीस, "दर टायमाला लागली गं. माहेर काय आता मला दिसत नाय." आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. सरांना लिहायला तेवढं पुरे होतं. पण मला ते तुझ्याकडून हवं होतं. मी तीन दिवस वाट पाहिली, मुद्दाम चुलीपाशी घुटमळलो, की आता सांगशील. तू च्या दिलास. चौथ्या दिवशी मी लिहिलं, तक्रार नाही.

हे आजच वहिनीला सांगायचं, असं तिचं ते बोलणं ऐकून मी ठरवलं होतं. तिच्या केसपेपरवर 'भिंत लागते, दोन वर्षं' एवढं लिहिलं आणि तिला एसटीत बसवायला गेलो. खिडकीशी जागा मिळाली तिला. सांगितलं नाही. आणि हे पत्र तुला पोचायचं म्हटलं, तर वाचून दाखवणार तीच. म्हणून ते तुझ्या केसपेपरात घडी करून ठेवतोय. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.